मापाचं पोलकं

शिवण सोडून मशीनं विकायची का, हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा मी दोऱ्याची रिळं घ्यायला गेले होते.

गोष्ट पन्नास साल उलटून गेल्यानंतरची. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी माझं शिवणाचं मशीन होतं. आमच्या आणि शेजारच्या गल्लीतल्या बायकांची पोलकी, परकर, लहानग्यांची झबली मी शिवून देत असे. नवरा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. दोघांचं मिळून बरं चाललं होतं. स्टेशनाजवळ शिवणाच्या मशीनचं एक दुकान होतं. तिथले शेठ कच्छी, माझ्या वडिलांच्या वयाचे. एरवी रिळं पुढे सरकवून मोकळे व्हायचे. त्या दिवशी त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, तेव्हाच मला संशय आला.

"बेन, तुम्ही माझ्याकडे नोकरी करा ना," ते म्हणाले.

"मशीनं दुरुस्त करायला?"

"विकायला."

मला हसू आलं. शेठ मात्र गंभीर होते. त्यांच्याकडे एक विक्रेता होता, केसांना तेल चोपडून टाय लावणारा. तो दारात उभा राहिला की घरातल्या बायका आत पळायच्या आणि बाहेर यायचा तो घरचा पुरुष. तो सांगायचा, रविवारी या. रविवारी जावं तर तोच पुरुष झोपलेला. मशीन चालवणार बाई, पसंत करणार बाई आणि विकणाऱ्याला बाईचं तोंडही दिसत नाही, असा सगळा खोळंबा होता. "तुम्ही सरळ चुलीपर्यंत जाल," शेठ म्हणाले. महिन्याच्या महिन्याला पगार, वर दर मशीनमागे काहीतरी. दसऱ्याला कायम करायचं, तोवर करून बघायचं.

"पण एक गोष्ट. कायम झालात तर बाहेरचं शिवण बंद. तुम्हीच शिवून देता म्हटल्यावर लोक मशीन कशाला घेतील?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण त्याचा अर्थ मला रिळं पिशवीत टाकता टाकताच कळला. एकदा हो म्हटलं की मागे फिरायला जागा नाही. गिऱ्हाईक तुटलं की तुटलं, आणि मी विकलेलं प्रत्येक मशीन माझंच एखादं गिऱ्हाईक कमी करणार होतं. हात सोडून जिभेवर पोट भरायचं, असा तो सौदा होता.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. "मी कानस घासतो म्हणून तूही जन्मभर सुई घासावीस असं कुठे आहे?" तो म्हणाला. "विकणाऱ्याचा सदरा स्वच्छ राहतो. पाठ दुखत नाही. बघ तुझं तू." मग थोडा वेळ भात कालवत राहिला आणि म्हणाला, "पण शिवणावर बसलेला हात मोडला की परत बसायला लई वेळ लागतो हं, ते लक्षात ठेव." असा हा माणूस. कुठल्याच बाजूला कलायचा नाही, आणि वर आपण सल्ला दिला असं मानायचा.

खरं सांगायचं तर पगारापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची ओढ लागली होती. मी जात्याच भोचक. इतकी वर्षं बायका माझ्याकडे येत होत्या, दारातूनच कापड देऊन जात होत्या. त्यांचं अंग मला पाठ होतं आणि त्यांचं घर मी पाहिलेलं नव्हतं. आता मला त्यांच्या घरात शिरायला मिळणार होतं, तेही कुणीतरी पगार देऊन.

शेठनी एक हातमशीन आणि ते वाहायला दुकानातला हमाल दिला. सकाळचा स्वयंपाक आटपून मी निघायची. आठवडाभरात माझी किती कोडी सुटली म्हणून सांगू. शेजारच्या गल्लीत शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या पोलक्याची डावी बगलच तेवढी उसवायची, उजवी कधी नाही. मी दोरा बदलला, टाका बारीक केला, तरी तेच. घरात गेले तर बाई पेटी घेऊन बसलेल्या, आणि डाव्या हातानं भाता हलवणं चाललेलं. मला इतका आनंद झाला की मशीनचं नाव काढायचंच मी विसरले; ते पुढच्या खेपेला काढलं आणि बाईंनी घेतलंही. दुसऱ्या एकीला प्रत्येक पोलक्याला आतून चोरखिसा हवा असायचा. तिच्या घरी फडताळाला कुलूप होतं आणि फडताळासमोर सासूबाई पाटावर बसलेल्या होत्या. किल्ली कुठे असते ते त्या घरात मला आणि त्या सुनेलाच ठाऊक. आणखी एका घरी बसायला गोधडी अंथरली, ती सगळी माझ्याच कात्रीखालच्या चिंध्यांची. मी एकेक ठिगळ बघत बसले. हे अमकीचं, हे तमकीचं. पूर्ण गल्ली त्या गोधडीत होती.

विकणं मला अवघड जाईल असं वाटलं होतं. झालं उलटं. शेठनी एकच गोष्ट शिकवली होती. मशीनचा दांडा बाईच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. मी तसंच केलं. नवऱ्याचा जुना रुमाल आणायला सांगायचा, तिच्याच हातानं त्याची कड घालायला लावायची. पहिली शिवण तिरकी जायची, बाई लाजायची, दुसरी सरळ जायची, आणि मग ती मशीनकडे ज्या नजरेनं बघायची ती नजर मला ओळखता यायला लागली. पोलक्याचं कापड मनापासून आवडलं की बाई ते घडी करून परत देताना हात जरा रेंगाळवते, तसं काहीसं ते असायचं. तेव्हा मी उठून पाणी मागायची. पाणी आणायला जाताना ती मनाशी ठरवून यायची. मशीनं भराभर गेली. शेठनी मला दुकानात चहा पाजला, टायवाल्यानं मला नमस्कार करणं सोडलं, आणि मला विकायला फार आवडायला लागलं. लोक मला खुर्ची देत होते. खिडकीशी वाकून बसलेल्या बाईला कुणी खुर्ची देत नाही. तिचं तिच्यापाशी स्टूल असतंच.

पुढे जे झालं ते समजायला मापाच्या पोलक्याचं सांगायला हवं. हल्ली टेप लावून माप घेतात. तेव्हा आमच्यात बाईच्या अंगाला टेप लागत नसे. माझे वडील चिपळुणात शिंपी होते. पुरुष शिंप्यानं बाईला माप घ्यायचं नाही, म्हणून नव्या कापडाबरोबर बायका अंगावर नीट बसणारं एक जुनं पोलकं पाठवायच्या. तेच मापाचं पोलकं. मला भाऊ नव्हता म्हणून कात्री माझ्या हातात आली, आणि वडिलांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं, की हे पोलकं नुसतं सुरुवातीला धरायचं. बाई कापड द्यायला येते तेव्हा तिच्याकडे नीट बघून घ्यायचं आणि नजरेनं कापायचं. बोलायचं मात्र काही नाही.

त्याचं कारण उघड आहे. मापाचं पोलकं बहुतेक लग्नाच्या वेळचं असतं. त्यानंतर दोनतीन बाळंतपणं झालेली असतात, अंग सुटलेलं असतं. बाई तेच पोलकं पुढे करते आणि म्हणते, "माप तेच आहे हं." मी म्हणायची, "तेच ना." आणि पाठीत थोडं, बाही जोडतात त्या मुंढ्याला थोडं, असं वाढवत न्यायची. पोलकं झक्क बसायचं. बाई खूश, बाईची सासू खूश. मी मुंबईत आले, बाई असून शिवायला लागले, टेप लावायला आता कुणाची आडकाठी नव्हती. तरी एकीनंही कधी टेप लावून घेतली नाही. पोलकंच आणून देत राहिल्या.

माझ्या विक्रीच्या तिसऱ्या आठवड्यात शेठनी निरोप पाठवला, लगोलग या. गेले तर दुकानात मी विकलेलं एक मशीन उघडं पडलेलं, शेठ चष्मा लावून दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू पिळताहेत, आणि समोर गाण्याच्या बाई रागानं लाल.

"तुमचं मशीन आवळून शिवतं," बाई म्हणाल्या.

"आवळून म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून नवं पोलकं काढलं. शिवण सुरेख होती, मला कौतुकच वाटलं. "मापाचं पोलकं उसवलं, कापडावर ठेवून तसंच्या तसं कापलं, तसंच्या तसं शिवलं. हूक लागत नाही. हात वर होत नाही. आणि एकटी मीच नाही, आमच्या शेजारणीचंही तेच झालंय. दोघींचं मशीन तुझ्याच हातचं."

माझ्या लक्षात आलं. बाईंच्या ट्रंकेत मी शिवलेली नवी पोलकी होती, चांगली अंगासारखी. त्यातलं एखादं समोर धरून कापावं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माप म्हणजे मापाचं पोलकं. आणि ते पंधरा वर्षांमागच्या नवरीचं होतं.

बाईंना मी म्हणाले, "कापड पाण्यात आटलं असेल. मी ठीक करून देते." त्या गेल्यावर शेठना सगळं सांगितलं. शेठ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चष्मा पुसला, परत हसले. मग एकदम धंद्यावर आले. "बेन, हे तर सोपं आहे. दर मशीनबरोबर एक टेप फुकट द्यायची. तुम्ही जायचं, टेप लावायची, खरं माप सांगायचं, कागदावर कापून दाखवायचं. मग सगळ्यांची पोलकी बसतील आणि मशीन पण खपेल."

अगदी शहाणपणाची गोष्ट होती. मला त्यात खोट काढता येईना. मी टेप गळ्यात घालून दुसऱ्या दिवशी गाण्याच्या बाईंकडे गेले. टेप लावली. आकडा सांगितला. जरा कमीच सांगितला, तरी त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू इतकी वर्षं..." एवढंच म्हणाल्या. चिडल्या नाहीत. कागदावर पोलकं कापायला शिकल्या, पटकन शिकल्या, आणि मी निघताना मापाचं ते उसवलेलं पोलकं त्यांनी चुलीजवळच्या पुसण्यांत टाकून दिलं. मला वाईट वाटलं. का वाटावं हे कळेना, म्हणून मी वाटभर त्याचाच विचार करत गेले. खरं माप कळलं तर नुकसान काय होतं? उलट बाईंना आता कुणावर अवलंबून राहायला नको. इतकं चांगलं काम मी केलं होतं आणि घरी येऊन माझ्यानं धड जेववलं नाही.

दसरा चार दिवसांवर आला होता. शेठना उत्तर द्यायचं होतं, आणि मनातून माझं हो म्हणायचं जवळपास ठरलं होतं. त्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या काकूंनी मशीन बघायला बोलावलं. मी मुलुंडला नवी असताना मला पहिलं काम देणाऱ्या या काकू. नऊवारी नेसणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं आणि तिला सासरी द्यायला मशीन हवं होतं.

मुलगी हुशार. दांडा हातात देताच तिनं सरळ शिवण घातली. मी विचारलं, "पहिलं काय शिवणार?"

"आईचं पोलकं," ती म्हणाली. "लग्नात घालायला. मापाचं आहेच." आणि ती ते आणायला गेलीसुद्धा.

काकूंचं माप इतर बायकांसारखं वाढलेलं नव्हतं. वर्षभर ते उतरत होतं. दर खेपेला मी पाठीत आत घेत होते, बाहीत आत घेत होते, आणि पोलकं नीट बसत असल्यामुळे काकू दिसायला होत्या तशाच दिसत होत्या. अंगावर कपडा बेतशीर असला की माणूस आटल्याचं चटकन नजरेला येत नाही. वर नऊवारीचा पदर. मी कधी विचारलं नव्हतं. वडिलांनी घातलेली सवय. मनात मात्र प्रत्येक वेळी यायचं, की यांना कळतंय का?

"चल, तुला चहा टाकते," काकू म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग इतक्या हळू बोलल्या की हा काकूंचाच आवाज का, असं मला वाटलं.

"तू शिवण सोडतेयस म्हणे?"

"विचार चाललाय."

"पोरीनं त्या पोलक्यावरून कापलं तर माझ्या अंगावर ते गोणपाटासारखं लोंबेल. कळेल ना सगळ्यांना घरात."

"काकू, तुम्हाला माहिती होतं?"

"अगं, माझंच अंग ना ते? बाहीत हात घातला की कळतं तू किती घेतलंयस. पहिल्या वेळेपासून कळतं." त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं. "डॉक्टरांकडे जाऊन आलेय. औषध चालू आहे. ह्यांना तेवढं माहिती आहे. पोरीला नाही सांगायचं. सांगितलं तर ती बोहल्यावर उभी राहायची नाही, आणि तिकडचे लोक आजार म्हटल्यावर दहा प्रश्न विचारतील. लग्न होऊन जाऊ दे. तोवर तू शिवत राहा. नवा शिंपी धरला तर त्याला मी काय सांगू?"

बाहेरून मुलगी ओरडली, "आई, मापाचं सापडलं गं."

मी इतकी वर्षं समजत होते की मी बायकांना फसवतेय. गोड, निरुपद्रवी, पण फसवतेय. वाण्याचा हिशेब सांगावा तशा थंडपणे काकू सांगत होत्या आणि मला उमगत होतं की फसलेलं कुणी नव्हतंच. गाण्याच्या बाईही कदाचित नव्हत्या. ज्यांना आपलं माप ऐकायचं नव्हतं त्या ते पोलक्यात गुंडाळून माझ्याकडे आणून ठेवत होत्या, आणि मी टेप घेऊन त्यांच्या घरात शिरले होते. मला लाज वाटली नाही, पण भरून आलं. काकूंसमोर रडायची सोय नव्हती. म्हणून मी म्हणाले, "पोलकी माझ्याकडेच टाका. लग्नानंतरही."

मशीन त्यांनी घेतलं. मुलीला मी परकर शिकवला, झबलं शिकवलं, कुंची शिकवली. पोलकं अवघड असतं, ते शेवटी, असं सांगून लांबणीवर टाकत राहिले. ती बिचारी मला मंद शिक्षिका समजत असणार.

शेठना दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. नवऱ्याला आवडत नाही असं ठोकून दिलं. नवऱ्यानं ते पुढे कुणाकडून तरी ऐकलं आणि महिनाभर मला टोमणे मारले. शेठ चुकचुकले. "बेन, तुमच्यासारखी विकणारी मला परत नाही मिळणार," म्हणाले, आणि ते खरं होतं, कारण विकायला मला मनापासून आवडत होतं. अजूनही एखाद्या बंद दारावरून जाताना आत काय असेल, कोण कुठल्या हातानं काय करत असेल, असं मनात येतंच. त्या खुर्च्या मी सोडल्या त्याची हळहळ मला पुष्कळ दिवस वाटली. खिडकीशी परत बसले तेव्हा पाठीनं पहिल्याच दिवशी तक्रार केली.

दिवाळीच्या तोंडावर काकूंचं पोलकं शिवून मी ते द्यायला गेले. मुलगी बाहेर मशीनवर खडखड करत होती. काकूंनी स्वयंपाकघरात पोलकं अंगात घातलं, हूक लावले, हात वर करून पाहिले. मग दाराकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, जे इतक्या वर्षांत एकीनंही विचारलं नव्हतं.

"या वेळी किती आत घेतलंस?"

मी बोटाच्या पेरावर दाखवलं, खरं तेवढंच.

"आणि मागच्या खेपेला?"

मी दाखवलं. ते जास्त होतं.

काकू माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. "म्हणजे औषध लागू पडतंय," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून मुलीला नवं पोलकं दाखवायला बाहेर गेल्या.